क्रोशाची आतली बाजू

लष्करातील आमच्या जुन्या घराच्या दारावर क्रोशाने विणलेले एक तोरण असे. पांढऱ्या दोऱ्याची जाळी, आणि त्या जाळीतील नेमकी घरे भरून उमटवलेली ‘सुस्वागतम्’ ही पाच अक्षरे. ते तोरण माझ्या आत्याच्या हातचे. देवघरातील ताटावरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरील मणी लावलेली जाळी, रेडिओचे आच्छादन, आणि पुढे घरात दूरदर्शन संच आल्यावर त्याचाही झगा, हे सारे तिनेच विणले होते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्या काळी असे क्रोशाकाम सर्रास दिसे. आजही एखाद्या जुन्या घरी रुग्ण पाहावयास गेले आणि भिंतीवरच्या चौकटीत क्रोशाचा मोर दिसला, की मला आत्या आठवते.

मी दहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने माझ्या हाती सुई दिली. पहिले आठ दिवस केवळ साखळी. हातभर साखळी झाली की ती दोऱ्याचे टोक ओढून सारी उसवून टाकी आणि म्हणे, “पुन्हा घाल. दोरा खेचू नकोस, त्याला येऊ दे.” मग मुका खांब, अर्धा खांब, खांब. एवढे चार प्रकार हाताला बसले की क्रोशाचे बहुतेक नमुने आवाक्यात येतात. माझा पहिला रुमाल पुरा झाला, तेव्हा मी तो मोठ्या अभिमानाने तिच्यापुढे पसरला. तिने तो उचलला आणि सरळ पालथा केला. मागे दोन ठिकाणी दोऱ्याच्या शेपट्या लोंबत होत्या. “पुढची बाजू सगळेच बघतात,” ती म्हणाली, “आपण आधी मागची बघावी.” त्या वेळी मला तिचा रागच आला. या वाक्याची खरी किंमत मला कळली ती बालरोगतज्ज्ञ झाल्यावर, आणि तीही एका तान्ह्या जिवाच्या वेदनेतून. ती हकीकत पुढे सांगणारच आहे.

‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानशी आकडी. दोन सुयांच्या विणकामात ओळीतील सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. एखादा निसटला तर खाली धावत जातो. क्रोशात मात्र बहुधा एकच फास उघडा असतो. त्यामुळे काम कोठेही थांबवता येते आणि कोठूनही पुन्हा उचलता येते. डॉक्टरच्या आयुष्याला याहून सोयीचा छंद शोधूनही सापडणार नाही. फोन वाजला की शेवटचा फास थोडा सैल करून ठेवावा आणि उठावे. परत यायला दोन तास लागोत की दोन दिवस, तो फास तसाच वाट पाहत असतो.

एकोणिसाव्या शतकात ही कला युरोपात घरोघरी पोहोचली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने तेथील अनेक कुटुंबांना आधार दिला. आपल्या देशात ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून ती स्त्रियांच्या हाती आली. आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या नरसापूर परिसरातील लेस आजही परदेशी जाते, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या त्या बायका जगाच्या दृष्टीने ‘घरी बसलेल्या’ होत्या आणि त्यांचे काम फावल्या वेळातील समजले जाई; म्हणूनच त्यांची मजुरीही अत्यल्प राही, हे त्यांनी दाखवून दिले. दोन सुयांच्या विणीची यंत्रे कित्येक शतकांपासून आहेत. क्रोशाची खरी वीण मात्र अजूनही हातानेच होते. बाजारात स्वस्तात मिळणारी क्रोशाची वस्तू घेताना तिच्यामागे कोणाची तरी बोटे शिणली आहेत, एवढे स्मरण आपण ठेवावे.

वैद्यकीय शिक्षणाच्या काळात माझी सुई डब्यात पडून राहिली. ती पुन्हा बाहेर निघाली एम.डी.च्या दुसऱ्या वर्षी. एका रात्रपाळीत आमच्या हातून एक बाळ गेले. सकाळी खोलीवर आले, पण झोप येईना. ट्रंकेत आत्याने दिलेला दोऱ्याचा गुंडा होता. मी नुसतीच साखळी घालत बसले, हातभर झाली की उसवत राहिले. वॉर्डात घडलेले काहीच उसवता येत नाही. येथे चुकलेला टाका निमूटपणे मोकळा होत होता. तासाभराने मला झोप लागली. तेव्हापासून सुई आणि दोरा माझ्या पिशवीत स्टेथोस्कोपच्या शेजारी असतो. ऑस्ट्रेलियातील वोलोन्गाँग विद्यापीठाच्या संशोधिकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८७ देशांतील आठ हजारांहून अधिक क्रोशाप्रेमींनी उत्तरे दिली, आणि दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी विणल्याने मन शांत होते असे सांगितले. अर्थात ज्यांना क्रोशा आवडतो त्यांनाच विचारल्यावर दुसरे काय उत्तर येणार, ही शंका सहकारी मित्र काढतीलच. ती रास्त आहे. तेव्हा मी क्रोशाला औषध म्हणत नाही, विसावा म्हणते.

आता ती हकीकत. १९९९ सालचा डिसेंबर होता. माझ्या नणंदेला मुलगी झाली. घरातील डॉक्टर आणि विणणारी अशा दुहेरी नात्याने बाळंतविडा मीच करणार, हे ठरलेलेच होते. कुंची, झबले, पायमोजे आणि गुलाबी रंगाचे इवलेसे हातमोजे मी महिनाभर खपून विणले. बारशाला सगळ्यांनी वाखाणले. दवाखाना सांभाळून केले, याचेही कौतुक झाले. घाई किती झाली होती हे माझे मला ठाऊक.

बाळ तीन आठवड्यांचे असताना एका रात्री नणंदेचा फोन आला. संध्याकाळपासून पोर रडत होती. पाजले, खांद्यावर घेतले, पोटाला हिंगाचा लेप लावला, तरी थांबेना. मी चार प्रश्न विचारले. ताप नाही, उलटी नाही, शी-शू ठीक. “पोटात कळ येत असेल, या वयात होते असे,” मी सांगितले आणि निजले. पहाटे पुन्हा फोन आला, तेव्हा मी गेले. बाळाला पूर्ण उघडे केले आणि शेवटी हातमोजे काढले. डाव्या हाताची अनामिका सुजून जांभळी झाली होती. मोज्याच्या आत शिवणीपाशी राहिलेली दोऱ्याची शेपटी सुटून त्या बोटाभोवती दोन वेढे घेऊन बसली होती. सूज इतकी, की दोरा कातडीत रुतून दिसेनासा झाला होता.

बारीक कात्रीने, भिंगाखाली, तो दोरा कापताना माझे हात कापत होते. याआधी असे कधी झाले नव्हते. दोन तासांनी बोटाचा रंग परतला, तोवर मी त्या माउलीच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही. ती एक शब्दही लागेल असे बोलली नाही. बोट वाचले. ती मुलगी आता पंचविशी ओलांडून गेली आहे आणि त्या बोटात तिने साखरपुड्याची अंगठी घातली तेव्हा मांडवात फक्त मलाच रडू का आले, हे फार थोड्यांना कळले.

त्या रात्री माझ्या दोन चुका झाल्या. एक विणणारीची, दोऱ्याचे टोक आत नीट न गुंफल्याची. दुसरी डॉक्टरची, न पाहता निदान केल्याची. बोटाला, अंगठ्याला किंवा मुलाच्या जननेंद्रियाला दोरा वा केस आवळून रक्तप्रवाह अडण्याचा हा प्रकार विरळा असला, तरी आपल्या शास्त्राला तो फार पूर्वीपासून परिचित आहे. हाताच्या बोटांना बहुधा मोज्यातील दोरा अडकतो. पायाच्या बोटांना आईचा केस, कारण बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत केस पुष्कळ गळतात. बाळाला तक्रार सांगता येत नाही, ते फक्त रडते. म्हणून विनाकारण रडणाऱ्या बाळाचे मोजे, लंगोट सारे काढून वीसही बोटे पाहावीत, हे मी तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. केस काढण्याच्या मलमाने केसाचा फास विरघळू शकतो, दोऱ्याचा मुळीच नाही. दोरा कापावाच लागतो आणि तोही विनाविलंब. आणि तान्ह्यांना हातमोजे घालूच नयेत. ओरखड्यांच्या भीतीवर नखे वेळेवर कापणे हा पुरेसा उपाय आहे.

वर्षभर मी सुई हाती घेतली नाही. ती परत घेतली टोप्यांसाठी. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कित्येकदा पाच अंशांच्या आसपास उतरतो. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगी चरबी जवळजवळ नसतेच. ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे तापमान गेले की साखर उतरते, श्वास बिघडतो, बाळ दूध ओढत नाही. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली, तीच आपली ‘कांगारू मदर केअर’. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मताच असे ठेवल्याने पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटलेले दिसले. ऊब देते ती आई. पण तेव्हा बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपी एवढेच असते, आणि त्यांतील टोपी मी विणू शकते.

टोपीचे गणित सोपे आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर, दीड किलोच्या बाळाचा सुमारे २८. वीण ताणते, म्हणून दोन सेंटिमीटर वजा करावे आणि ३.१४ ने भागावे. माथ्याच्या चकतीचा व्यास मिळतो. मोठ्या बाळाला सुमारे दहा, छोट्याला सव्वाआठ सेंटिमीटर. सुरुवात सहा मुक्या खांबांनी, मग दर फेरीला सहा वाढवायचे. जास्त वाढवले तर चकतीला झालर पडते, कमी वाढवले तर तिची वाटी होते. डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हीच झालर मुद्दाम वाढवत नेऊन, कागदावर दाखवणे कठीण असलेली हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात ठेवली होती. आपल्याला मात्र व्यास साधला की वाढवणे थांबवायचे आणि सरळ खाली उतरायचे.

काही पथ्ये. वीण इतकी घट्ट असावी, की आगपेटीची काडी सहज आरपार जाऊ नये. जाळीच्या घरांत बोटे अडकतात. फिती, बटणे, मणी, गोंडे नकोत. ज्या घरी थंडीत शेगडी पेटते तेथे ॲक्रिलिक नको, ते आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. शिवाय बंद खोलीत शेगडी हाच मुळात मोठा धोका आहे. टोपी धुऊन द्यावी. पूर्ण दिवसांचे, धडधाकट बाळ घरात निजले असेल, तर टोपी काढून ठेवावी. ती तोंडावर सरकण्याचा आणि बाळाला फाजील उष्मा होण्याचा संभव असतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे अष्टपाद विणण्याची प्रथा पडली. त्याचे पाय बाळाला नाळेसारखे वाटतात, अशी कल्पना. कल्पना गोड आहे, पुरावा तोकडा आहे. पाळण्यात मऊ खेळणे ठेवू नये, हा नियम त्यालाही लागू.

आपल्या समाजातील काही भगिनी आता माझ्याबरोबर टोप्या विणतात. पहिल्याच वर्षी ऐंशीच्या घरातील एका काकूंनी मोत्यांची किनार लावलेली, शंखांच्या नमुन्याची अप्रतिम टोपी आणली. मी ती उलटी केली, पाहिली आणि हात जोडून परत दिली. काकूंना फार लागले. दोन आठवडे त्या आल्या नाहीत. मग मी त्यांच्या घरी गेले आणि १९९९ ची गोष्ट सांगितली. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी कपाटातून टोपी काढली, मोती एकेक करून सोडवले आणि माझ्यासमोर सारी टोपी उसवली. आज आमच्याकडे येणारी प्रत्येक टोपी काकूंच्या हातून जाते. त्या ती उलटी करतात, करंगळी आत फिरवतात आणि मग अस्तर तपासावे तशी गालाला लावून पाहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी माझीच एक टोपी परत केली. शेपटी अर्धा इंच बाहेर होती.

आत्याचे तोरण आता माझ्या दवाखान्याच्या दारावर आहे. दिवाळीपूर्वी धुवायला काढते तेव्हा मी ते पालथे करून पाहते. इतक्या वर्षांत तिने दोरा कोठे संपवला, ते मला अजून सापडलेले नाही.