चांदमारीचा दिवस

पहाटे ५.००

मुख्यालयाच्या मैदानावर अजून अंधार असतो, तेव्हा कोतचं, म्हणजे शस्त्रागाराचं, कुलूप निघतं. आज जिल्ह्यातल्या चाळीस अंमलदारांचा वार्षिक गोळीबार सराव आहे. चाळीस इन्सास रायफली आणि माणशी तीस याप्रमाणे बाराशे काडतुसं. कोत हवालदार बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा क्रमांक, वाचतो, मी रजिस्टरवर खूण करतो, रायफल खिडकीतून बाहेर येते. तो ती देण्याआधी मॅगझिनची जागा रिकामी असल्याचं दाखवतो, कॉकिंग हँडल मागे ओढून धरतो आणि चेंबर दाखवतो. घेणारा अंमलदार रायफल हातात आल्यावर तेच पुन्हा करतो, बॅटरीच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी.

नवी मुलं इथे कुरकुरतात. "उस्ताद, आत्ताच तर बघितलं की!" बघितलं ते त्याने, तू नाही. शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की आधीची तपासणी संपली. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडली, तर आजचा दिवस वसूल. पोलीस ठाण्यात, गार्डरूममध्ये, शस्त्र साफ करताना अचानक गोळी सुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातली रायफल बहुतेक वेळा 'रिकामी'च असते, म्हणजे कुणीतरी तशी समजलेली असते.

सकाळी ६.००

काडतुसांच्या पेट्या एका गाडीत, शस्त्रं दुसऱ्या गाडीत. मॅगझिन पाऊचमध्ये, एकही रायफलीला लावलेलं नाही. गाडीत रायफल उभी, दोन गुडघ्यांच्या मध्ये, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. गाडी खड्ड्यातून जाते, माणूस झोपाळलेला असतो, आणि हात आधारासाठी जे सापडेल ते आवळतो. तिथे ट्रिगर सापडायला नको.

सकाळी ६.४५

रेंज गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर उगाच निवडलेला नाही. इन्सासची ५.५६ मिलिमीटरची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगाने निघते आणि अडलीच नाही तर दोन-तीन किलोमीटर सहज जाते. टार्गेटवर मारलेली गोळी पुठ्ठा फाडून पुढे निघते, तिला थांबवतं ते मागचं बट, म्हणजे मातीचा उंच बांध, आणि त्याच्या मागचा डोंगर.

लाल झेंडे चढवतो. दोन्ही कडांना पहारा लावतो. नागरिकांनी आणि गुराख्यांनी या भागात येऊ नये, अशी जाहीर सूचना चार दिवसांपूर्वी वर्तमानपत्रात आली आहे, ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागली आहे. पण शेळ्या वर्तमानपत्र वाचत नाहीत. आजही ओढ्याच्या बाजूने एक कळप आत शिरलेला. म्हातारबाबांना पहाऱ्यावरचा अंमलदार हात जोडून सांगतो, "आजोबा, दुपारी तीननंतर या." बाबा निवांत. त्यांच्या मते या कुरणावर शेळ्यांचा हक्क पोलिसांच्या आधीपासूनचा आहे. कळप डोळ्याआड होईपर्यंत कुणी मॅगझिनला हात लावत नाही.

रुग्णवाहिका आली. बटच्या खंदकात टार्गेट धरणारी आणि निशाण दाखवणारी पार्टी बसली. वायरलेसवर बोलणं झालं.

सकाळी ७.३०

सगळ्यांना अर्धवर्तुळात बसवतो. मुलांच्या गप्पा स्वप्नील कुसाळेवर आल्या आहेत, आणि ते मला आवडतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक जिंकतो, तेव्हा आमच्या रेंजवरही छात्या फुगतात. मी विचारतो, "पदक बघितलंत. त्याची रायफल खाली ठेवलेली असताना चेंबरमधून भडक रंगाची पट्टी बाहेर आलेली दिसते, ती बघितली का?" कुणीच बघितलेली नसते. त्या खेळात ती सक्तीची आहे. ती दिसली की लांबूनही कळतं, आत काडतूस नाही. ऑलिंपिकच्या नेमबाजालाही 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणायची सोय नाही.

मग चार नियम. अमेरिकन मरीन कोअरमधले माजी अधिकारी जेफ कूपर यांनी ते ज्या रूपात मांडले, त्याच रूपात आज जगभरच्या रेंजवर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा. ज्याला इजा करायची नाही, त्याच्यावरून नळी फिरवू नका. निशाण साधल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नका. टार्गेट ओळखा आणि त्याच्यामागे काय आहे तेही ओळखा.

चारही नियम एकाच वेळी मोडले, तरच बहुधा माणूस मरतो. एक जरी पाळला गेला तरी उरलेल्या चुका भिंतीत, मातीत किंवा आभाळात जातात. म्हणून ते पाठ करून भागत नाही, ते हाताला माहीत असावे लागतात.

सकाळी ८.००

काडतुसांविना सराव. आधी प्रत्येकाचा मुख्य डोळा ठरवतो. दोन्ही हातांच्या पंजात छोटी खिडकी करून लांबचं झाड बघायचं, एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने झाड खिडकीत राहतं तो मुख्य. एका महिला अंमलदाराचा मुख्य डोळा डावा निघतो, हात उजवा. दरवर्षी तिच्या गोळ्या एका बाजूला का जातात, याचं उत्तर तिला आज मिळतं.

मग निशाण. पुढच्या साइटचं टोक मागच्या साइटच्या मधोमध हवं. इन्सासवर या दोन साइटमध्ये अंतर आहे साधारण अर्धा मीटर. तिथे टोक एक मिलिमीटर सरकलं, तर शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर सरकते. म्हणून नजर टोकावर ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू द्यायचं. हे पटायला वेळ लागतो, कारण ज्याला मारायचं त्याच्याकडे बघावं असंच कुणालाही वाटतं.

आडव्या पडलेल्या अंमलदाराच्या रायफलीच्या नळीवर पुढच्या टोकाशी मी रुपयाचं नाणं ठेवतो. ट्रिगर दाबल्यावर नाणं पडलं, तर बोटाने दाबण्याऐवजी मनगटाने झटका दिला. पहिल्या फेरीत मातीत नाणीच नाणी.

सकाळी ८.४५

आठजणांची पहिली डिटेल, म्हणजे तुकडी. कानात प्लग, टोपी डोक्यावर, कॉलरचं वरचं बटण लावलेलं. कानाचं कारण सगळ्यांना पटतं. रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १५० डेसिबलच्या वर असतो आणि १४० च्या पुढचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. पण एवढ्या उकाड्यात गळ्याचं बटण कशासाठी, हे विचारलं जातंच.

उत्तर तिसऱ्या डिटेलला आपोआप मिळतं. इन्सास रिकामी पुंगळी उजवीकडे फेकते. पाच नंबरच्या रायफलीतली तापलेली पुंगळी सहा नंबरच्या मानेवर पडते आणि कॉलरवरून आत घरंगळते. साहेबांनी बटण लावलेलंच नाही. माणूस अशा वेळी जे करतो तेच तो करतो, किंचाळून वळायला लागतो. त्याच्याबरोबर रायफलही वळायला लागते. मागे उभ्या अंमलदाराचा हात तोवर नळीवर पोचलेला असतो, तो ती टार्गेटकडेच दाबून धरतो. "नळी समोर! आधी नळी समोर!" भाजलं तर मलम आहे. या एका क्षणासाठी प्रत्येक दोन नेमबाजांमागे एक माणूस उभा असतो, आणि त्याने टार्गेट बघायचं नसतं, फक्त हात बघायचे असतात.

सकाळी ९.३०

पाच गोळ्यांचा ग्रुप. बारा गोळ्या कुठेही, त्यातली एक मधोमध, यापेक्षा पाच गोळ्या एका तळहातात आणि मध्यापासून दूर, हे मला कधीही चालेल. दूरचा ग्रुप साइट फिरवून मध्यावर आणता येतो. पसरलेल्या गोळ्यांना साइट काय करणार?

एकाच्या गोळ्या सगळ्या खाली जातायत. त्याला न सांगता त्याच्या मॅगझिनमध्ये मध्येच एक ड्रिल काडतूस भरतो, दारू नसलेलं. तो ट्रिगर दाबतो, आवाज येत नाही, आणि नळीचं तोंड मात्र झपकन खाली जातं. धक्का यायच्या आधीच तो धक्क्याला तोंड देत होता. आजूबाजूचे हसतात, तोही हसतो. पुढच्या पाच गोळ्या वर चढतात.

सकाळी ११.००

सात नंबर हात वर करतो. ट्रिगर दाबला, गोळी गेली नाही. इथे घाई करायची नाही. नळी टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण काही वेळा दारू उशिरा पेटते. मग मॅगझिन काढायचं, कॉक करायचं, काडतूस बाहेर. तळावर पिनचा ठसा आहे, काडतूसच खराब. वेगळ्या डबीत. आवाज नेहमीपेक्षा दबका आला असता, तर गोष्ट जास्त गंभीर होती. तेव्हा गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची गोळी मारली तर नळी फुटते. अशा वेळी दुसरा ट्रिगर नाही, रायफल बाजूला आणि आर्मोररला हाक.

सकाळी ११.३०

'खाली कर', म्हणजे रायफल रिकामी कर. माझ्या दृष्टीने दिवसातला सर्वांत धोक्याचा हुकूम हाच. गोळ्या मारताना प्रत्येक जण सावध असतो. संपल्यावर खांदे सैल होतात, बोलणं सुरू होतं.

क्रम एकच: आधी मॅगझिन बाहेर, मग कॉक. हाच क्रम उलटा केला तर काय होतं, ते मी ड्रिल काडतुसं भरून दाखवतो. आधी कॉक केलं, चेंबरमधलं काडतूस उडून बाहेर पडलं. छान. पण हँडल सुटताना खाली बसलेल्या मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये गेलं. मग मॅगझिन काढलं. हातात मॅगझिन, जमिनीवर काडतूस, डोळ्यांसमोर रिकामी जागा. कुणीही शपथेवर सांगेल, रायफल रिकामी आहे. आणि आत एक जिवंत काडतूस. चाळीसही जण पुढे वाकून बघतात. एक जुने हवालदार हळूच म्हणतात, "असंच झालं असणार आमच्या ठाण्यात."

म्हणून मॅगझिन, कॉक, पुन्हा कॉक, चेंबर डोळ्यांनी, मग नळी टार्गेटकडे ठेवून ट्रिगर.

दुपारी १२.१५

पुंगळ्या वेचणं. बूट, काठ्या, शेवटी गुडघ्यांवर बसून गवत चाळणं. तळावर 'ओएफव्ही', म्हणजे जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना, आणि सालाचे दोन आकडे. ११९८ पुंगळ्या हव्यात आणि दोन खराब काडतुसं. ११९७ भरतात. जेवणाचे डबे बंदच राहतात. शेवटची पुंगळी वाळूच्या पिशवीच्या घडीत सापडते. मग प्रत्येक जण पाऊच उलटे करून सांगतो, माझ्याकडे जिवंत काडतूस किंवा पुंगळी नाही.

दुपारी १.००

जेवणाआधी साबणाने हात-तोंड. काडतुसाच्या टोपीतलं शिसं हातावर बसतं आणि भाकरीबरोबर पोटात जातं. टँकरजवळ रांग लागते.

दुपारी १.४५

आता साधनं, काडतुसांविना. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांकडच्या दारूगोळ्याची आणि सरावाची टंचाई मांडली. त्यानंतर शस्त्रं बदलली, जॅकेटं आली. पण जॅकेट घालून सराव केला नाही, तर ते अडचणच ठरतं.

सकाळी उत्तम ग्रुप आलेल्यालाच बुलेटप्रूफ जॅकेट घालायला सांगतो. रायफलीचा दस्ता खांद्याच्या खळग्यात बसायचा, तिथे आता प्लेटची कड आहे. दस्ता घसरतो, गाल जागा सोडतो, आडवं पडलं की छातीवरचे पाऊच अंग वर उचलतात आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. उपाय साधे. पाऊच बाजूला घ्या, पट्टा जॅकेटवरून मापून लांब करा, दस्ता थोडा आत घ्या. जॅकेटमधला मऊ थर पिस्तुलाची गोळी अडवतो, रायफलीची गोळी अडवायला कडक प्लेट लागते. या प्लेटा बऱ्याचदा सिरॅमिकच्या असतात, त्यामुळे जॅकेट गाडीतून खाली फेकायचं नाही. वरून कापड जसंच्या तसं दिसतं, आतली प्लेट तडकलेली असते.

मग पट्ट्यावरची रायफल घेऊन गाडीतून उतरणं, जिना चढणं, पडलेल्या सहकाऱ्याला उचलणं. नळी कुणावरून फिरते, हे मी मोठ्याने सांगत राहतो. "तुझ्या पायावरून. त्याच्या पाठीवरून. आता माझ्या पोटावरून." तासाभरात माझं बोलणं कमी होतं.

दुपारी ३.३०

झेंडे उतरले, शेळ्या आल्या. मुख्यालयात सफाई. चेंबर तपासल्याशिवाय चिंदी मिळत नाही. पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधलेली दोरी, चेंबरकडून तोंडाकडे ओढायचा, गॅसच्या भागातली काजळी काढायची, तेलाचा हलका हात. जास्त तेलाला धूळ चिकटते.

सायंकाळी ५.३०

कोतच्या खिडकीवर पुन्हा तोच कार्यक्रम. देणारा दाखवतो, घेणारा बघतो. पहाटे कुरकुरणारा मुलगा या वेळी कोत हवालदारालाच अडवतो, "थांबा, मी दाखवतो आधी." मी काही बोलत नाही.

सायंकाळी ६.१५

राखीव पोलीस निरीक्षक साहेबांसमोर दोन याद्या ठेवतो. पहिली गुणांची, दुसरी शस्त्र हाताळणीची. गुणांच्या यादीत पहिल्या आलेल्या अंमलदाराचं नाव दुसऱ्या यादीत लाल शाईत आहे, कारण उठताना त्याचं बोट दोनदा ट्रिगरवर सापडलं. साहेब विचारतात, "पहिला आलाय, तरी परत बोलवायचा?" मी म्हणतो, पन्नासपैकी वीस गुण मिळालेला माणूस पुढच्या वर्षी सुधारेल, तोवर त्याच्या शेजारी कुणीही निर्धास्त उभं राहू शकतं. याच्या शेजारी मी उभा राहणार नाही. साहेब सही करतात. त्याला उद्या सकाळी सात वाजता मैदानावर हजर राहायचा निरोप जातो. काडतुसं नाहीत, नुसती रायफल.