पसंतीक्रम कुणाचा?

जून उजाडला की आमच्या शाखेत दोन प्रकारची माणसं हमखास दिसत. एक पीककर्जासाठी आलेली, दुसरी मुलाच्या प्रवेशासाठी. पहिल्यांना पावसाची काळजी, दुसऱ्यांना टक्क्यांची. कादंबऱ्या मी रात्री लिहिल्या, पण माणसं भेटली ती दिवसा, टेबलापलीकडच्या खुर्चीत.

त्यातले एक गृहस्थ मी विसरलो नाही. १९९८ साल असेल. एस.टी.त कंडक्टर होते. बँक बंद व्हायच्या वेळी आले आणि म्हणाले, "साहेब, ठेव मोडायचीय. उद्या दहाच्या आत रोख न्यायचेत." मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं होतं. मी विचारलं, पावती मिळणार का? "फीची मिळेल म्हणाले. वरच्या पैशाची नाही."

आपल्या राज्यात १९८३ साली विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरांत पोचला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदाही झाला. पण कायदा पुस्तकात आणि पिशवी हातात, अशी स्थिती. पैसे त्यांचे होते, मी अडवू शकत नव्हतो. एवढंच म्हटलं, "एक रात्र जाऊ द्या. घरी बोला."

दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. ती माउली म्हणाली, "साहेब, उद्या शीट नाहीच मिळाली, तर हे पैसे मागायचे कुणाकडं?" ठेव मोडली नाही. मुलगा शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला गेला आणि पुढे त्याच वाटेने पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसला. तो रस्ता आजही खुला आहे, पण बारावीच्या गुणपत्रिकेकडे बघत बसलेल्या घरांना तो सहसा आठवत नाही.

तेव्हापासून प्रत्येक पालकाला मी एकच गोष्ट पहिल्यांदा सांगत आलो. ज्या पैशाची पावती मिळत नाही, त्याला बँक कर्ज देत नाही. मग तुम्ही तरी घरचे पैसे का द्यावेत?

आता प्रवेशाचं बरंचसं काम संगणकावर आलं आहे. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ साली सुरू झाले आणि २०२५ मध्ये सगळ्या राज्याला लागू झाले. अभियांत्रिकीची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया तर आता नवी राहिलेली नाही. तरी घोटाळा होतो तो पसंतीक्रमात. "तिथे काही आपला नंबर लागत नाही" म्हणून लोक आवडतं महाविद्यालय खाली टाकतात. वास्तविक यंत्र गुणवत्तेच्या क्रमाने जातं आणि तुमची यादी वरून खाली वाचतं. वरचं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. तेव्हा यादी खऱ्या इच्छेच्या क्रमाने भरावी, आणि जिथे जायचंच नाही ते नाव लिहूच नये. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. म्हणून पहिलं नाव लिहिण्यापूर्वी ते महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून या. कामाच्या दिवशी जा, प्रयोगशाळेत डोकवा, शेवटच्या वर्षाच्या मुलांशी चहाच्या टपरीवर बोला. माहितीपुस्तिकेत नसलेलं तिथे कळतं.

दाखल्यांचं काम निकालाची वाट पाहत ठेवू नये. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न, अधिवास, जात वैधता हे सारे कागद जूनमध्ये तहसील आणि सेतू केंद्रांत रांगा लागण्यापूर्वी हाती असावेत. कागदाअभावी हक्काची सवलत गेलेली घरं मी पाहिली आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, तर ही सवलत नाही.

आता माझा प्रांत : कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, मात्र पालक सहकर्जदार असतात. शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. लोक इथेच फसतात. हप्ता नसतो, व्याज असतं! दरवर्षी दीड लाख असे चार वर्षांत सहा लाख घेतले आणि दर दहा टक्के धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच दोन लाख दहा हजार चढतात. दहा वर्षांच्या फेडीला महिना साधारण १०,७०० रुपये. तेच व्याज वेळच्या वेळी भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना साडेबाराशे आणि शेवटी पाच हजार, तर हप्ता ७,९०० च्या आसपास येतो. हा हिशेब मुलाला शेजारी बसवून करावा. कर्ज त्याच्या नावावर आहे.

आणि घाईने कुठे पैसे भरलेच, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम लक्षात ठेवा. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश सोडला, तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा होऊन बाकीचे पैसे परत मिळतात. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही.

इतकं शहाणपण सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी काय केलं, तेही सांगायला हवं. २००८ साली माझ्या मुलीचा पसंतीक्रम मी भरला. तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. मी म्हटलं, "बी.एस्सी. करून काय करणार?" आणि ओळीने अभियांत्रिकीच्या शाखा लिहिल्या. ती शेजारी उभी होती, काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ मी होकार असा घेतला. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्या, पण मुलीचा चेहरा पडताळला नाही. पदवीला चाराची पाच वर्षं लागली. त्यानंतर तिने नोकरी करत, स्वतःच्या पैशाने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. त्या फीसाठी तिने माझ्याकडे एक रुपया मागितला नाही. मला तेच जास्त लागलं.

गेल्या वर्षी नातवाच्या अकरावीचा अर्ज भरायचा होता. थोरल्या मुलाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, "बाबा, तुम्हाला यातलं कळतं." मी तो नातवाकडे सरकवला आणि चष्मा काढून ठेवला. त्याने दहा नावं लिहिली. त्यातली तीन मला पसंत नव्हती. मी फक्त विचारलं, "बसला किती वेळ लागतो ते पाहिलंस का?" त्याने पाहिलं होतं.