वल्हांडण : दास्याची स्मृती आणि इतरांचे दुःख

यहुदी धर्मातील वल्हांडण सण हा इजिप्तच्या दास्यातून झालेल्या मुक्तीचे स्मरण होय. या सणाच्या रात्री कुटुंबे ‘सेदर’ या विधियुक्त भोजनास एकत्र बसतात व ‘हग्गादा’ या संहितेतून मुक्तीची कथा वाचतात. बेखमीर भाकर ही घाईच्या प्रस्थानाची, कडू पाला दास्याच्या कटुतेचा, तर मिठाचे पाणी अश्रूंचे प्रतीक असते. दहा अरिष्टांच्या उच्चारासरशी प्याल्यातील द्राक्षारसाचे थेंब काढून टाकतात. शत्रूच्या यातनांनीही आपला आनंद उणावतो, असा त्याचा रूढ अर्थ आहे.

प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच इजिप्तमधून बाहेर पडलो असे मानावे, हा या विधीचा गाभा होय. तोरा ग्रंथात परक्यास न छळण्याची आज्ञा वारंवार येते. तीमागील कारण हेच, की तुम्हीही कधी परके होता.

या आज्ञेचा आधुनिक प्रत्यय ४ एप्रिल १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये आला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येस त्या दिवशी एक वर्ष पूर्ण झाले होते. आर्थर वास्को यांनी रचलेल्या नव्या हग्गादेनुसार कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये ‘फ्रीडम सेदर’ झाले. यहुदी व ख्रिस्ती, कृष्णवर्णीय व गोरे असे सुमारे ८०० जण तेथे जमले. प्राचीन कथेच्या जोडीने कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचेही वाचन झाले.

अशाने सणाचे यहुदीपण विरून जाते, अशी टीका काही यहुदी विचारवंतांनी केली. तथापि स्वतःच्या दास्याची आठवण इतरांच्या दास्याकडे डोळेझाक करू देत नाही, हेच त्या आज्ञेचे सार होय.