जगाला 'सातबारा' कसा समजावणार? आपली गोष्ट इंग्रजीतून आपणच का सांगायला हवी

इंग्रजीत 'विदर्भ' असं सर्च करून बघा. ताडोबाचे वाघ दिसतील, नागपूरची संत्री दिसतील आणि त्यांच्या जोडीला शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या, आकडे, अहवाल. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण नागपुरात, यवतमाळात किंवा वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला हे वाचताना वाटत राहतं, 'बरोबर आहे, पण एवढंच नाही ना!'

हे राहिलेलं जगाला सांगायचं कुणी? आणि कोणत्या भाषेत?

आपण नाही लिहिलं, तरी कुणीतरी लिहितंच

हा प्रश्न सोशल मीडियाच्या फार आधीचा आहे. जानेवारी १८८१ मध्ये टिळक, आगरकर, चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एकाच आठवड्यात दोन साप्ताहिकं सुरू केली. मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. 'केसरी' घरच्या लोकांशी बोलायला होता. मराठी न येणाऱ्यांपर्यंत, म्हणजे इतर प्रांतांतले सुशिक्षित आणि इंग्रज सरकार यांच्यापर्यंत, आपलं म्हणणं पोहोचवायला 'मराठा' होता.

दुसऱ्यानं आपलं म्हणणं इंग्रजीत नेलं तर काय होतं, हे १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दिसलं. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. मुंबईच्या कोर्टात ते जोखले गेले ते मात्र सरकारी इंग्रजी भाषांतरावरून. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि ही भाषांतरं मूळ अर्थाला धरून नाहीत, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. ज्यूरींनी सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले.

खटल्याचा निकाल निव्वळ भाषांतरामुळे लागला असं कुणी म्हणणार नाही. पण आपल्या शब्दांचा इंग्रजी अर्थ दुसऱ्याच्या हातात असणं किती महाग पडू शकतं, हे यातून कळतं.

तीन वर्षांनी, १९११ मध्ये, नागपुरातून 'हितवाद' हे इंग्रजी पत्र सुरू झालं. त्यामागे होते गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचा भारत सेवक समाज. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि वरचा कारभार इंग्रजीत चालायचा. आपलं म्हणणं तिथं ऐकू जायचं तर ते त्याच भाषेत मांडणं भाग होतं. 'हितवाद' आजही निघतो.

इंग्रजीत लिहायचं म्हणजे देशाचं कौतुकच करायचं?

तसं नाही. पंडिता रमाबाईंचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला प्रसिद्ध झालं. उच्चवर्णीय घरांतल्या बालविधवांचे हाल त्यात सरळ मांडले होते. घरातलं दुखणं परदेशात सांगितलं म्हणून टीका झाली. पण अमेरिकेत त्यांच्या कामासाठी मदत मंडळ उभं राहिलं आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झालं.

याच्या उलट उदाहरण चाळीस वर्षांनंतरचं. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचं 'मदर इंडिया' आलं. बालविवाह, स्त्रियांची अवस्था, अस्वच्छता यांवर तिनं लिहिलं, पण निष्कर्ष असा काढला की हा देश स्वराज्याला लायक नाही. देशभर संताप उसळला आणि उत्तरादाखल अनेक पुस्तकं निघाली.

विषय बराचसा तोच होता. पण रमाबाई बदल घडवण्यासाठी लिहीत होत्या आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यातल्याच एक होत्या. मेयोनं तेच दोष एका संपूर्ण देशाची लायकी ठरवायला वापरले.

विदर्भाच्या बाबतीत नेमकं काय हरवतं?

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. २००५-०६ च्या सुमारास विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांकडे देशाचं आणि जगाचं लक्ष गेलं. २००६ च्या मध्यावर तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं.

जगातल्या चर्चेला मात्र एकच कारण हवं होतं. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली होती. त्यामुळे 'बियाण्यानं शेतकरी मारला' असं म्हणणारे एका बाजूला आणि 'बियाण्याचा काही संबंध नाही' म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असा वाद रंगला. कोरडवाहू जमीन, पावसाचा खंड, बँकेनं नाकारलेलं कर्ज, सावकार, पडलेले भाव, आजारपणाचा खर्च ही एकात एक गुंतलेली साखळी त्यात मागे पडली.

साधा 'सातबारा' हा शब्द घ्या. इंग्रजीत त्याचं 'जमिनीचा दाखला' असं भाषांतर केलं की काम झालं, असं वाटतं. पण गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाच्या हक्काची आणि गाव नमुना १२ म्हणजे त्यात पीक कोणतं, हे दोन्ही मिळून सातबारा होतो. पीककर्जापासून सरकारी मदतीपर्यंत सगळीकडे तो लागतो. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर कागदोपत्री तिला शेतकरी म्हणून सिद्ध होणंच अवघड.

आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठीही प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. त्यासाठी शेतीची मालकी आणि कर्ज यांचे कागद बघितले जातात. 'पात्र' प्रकरणांचा आकडा आणि झालेल्या मृत्यूंचा आकडा यामुळेच वेगळा असतो. न्यूयॉर्कमधल्या वाचकाला हे कुणी समजावलं नाही, तर दोन आकडे बघून त्याला वाटेल की कुणीतरी खोटं बोलतंय.

ही उकल इथल्या माणसाला सहज करता येते, कारण तलाठ्याकडे खेटे त्यानं स्वतः घातलेले असतात. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांचं 'रामराव' हे २०२१ चं इंग्रजी पुस्तक म्हणूनच महत्त्वाचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या एकाच शेतकऱ्याच्या आयुष्यातून ते शेतीचं संकट समजावतं.

तुम्हाला लिहायचं असेल तर?

त्यासाठी पुस्तकच लिहायला हवं असं नाही. काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात.

• आपला शब्द टाकू नका. सातबारा, सावकार, कोरडवाहू हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथं एका वाक्यात समजावा. पुढं वाचकच ते वापरायला लागतो.

• लाख-कोटी उलगडून सांगा. ३,७५० कोटी बाहेरच्या वाचकाला कळत नाही, साडेसदतीस अब्ज रुपये कळतात. क्विंटल आणि एकराचंही तसंच.

• आकडा कुणी, कसा मोजला ते लिहा. नुसता आकडा रागही आणतो आणि गैरसमजही.

• संपूर्ण भारताच्या वतीनं बोलू नका. 'भारतात असं असतं' यापेक्षा 'आमच्या तालुक्यात असं असतं' हे जास्त विश्वासार्ह वाटतं.

• दुखऱ्या घराचे फोटो आणि नावं परवानगीशिवाय टाकू नका. तुमची पोस्ट महिन्याभरात विसरली जाईल, त्या घराला तिथंच राहायचंय.

मग मराठीचं काय?

टिळकांनी 'मराठा'साठी 'केसरी' सोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये 'मूकनायक' आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' मराठीत काढला, तर 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ मध्ये इंग्रजीत लिहिलं. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहातही इंग्रजीबरोबर मराठी आणि इतर भारतीय भाषांत मजकूर येतो.

याचा एक थेट फायदा आहे. इंग्रजीत तुम्ही जे लिहिलं ते मराठीतही असेल, तर ज्या गावाबद्दल लिहिलं तिथला माणूस ते वाचून सांगू शकतो, 'हे बरोबर आहे, पण हे चुकलं.' परदेशी वाचकाला ही चूक सापडणार नाही. म्हणून पुढची इंग्रजी पोस्ट टाकण्याआधी ती मराठीत करून, ज्यांची गोष्ट आहे त्यांना एकदा वाचून दाखवा.