वृद्धांचे स्वावलंबन : मोजमाप व अर्थ

स्वगृही राहणाऱ्या वृद्धांच्या स्वास्थ्याचा विचार करताना, स्वतःची निगा त्या व्यक्ती स्वतः कितपत राखतात, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. तिच्या मोजमापासाठी सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली श्रेणी सर्वपरिचित आहे. स्नान, वस्त्रे परिधान करणे, शौचास जाणे, अंथरुणावरून अथवा खुर्चीवरून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि भोजन या सहा बाबींवर ती आधारलेली आहे. पुढे १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी खरेदी, स्वयंपाक, औषधे घेणे, पैशांचा व्यवहार इत्यादी आठ कामांची मोजपट्टी तयार केली.

कॅट्झ यांच्या पद्धतीतील एक नियम येथे विशेष लक्षात घेतला पाहिजे. नोंद करावयाची ती क्षमतेची नव्हे, तर प्रत्यक्ष कृतीची. एखादी क्रिया शक्य असूनही व्यक्तीने ती करण्याचे नाकारल्यास ती क्रिया होत नाही असेच मानावयाचे. या नियमामुळे नोंदीला निश्चितता येते हे खरे. परंतु कृतीच्या अभावाचे कारण त्या नोंदीत उमटत नाही. आपल्याकडील कुटुंबांत सासूबाईंना चुलीपाशी येऊ न देणे किंवा वडिलांचे बँकेचे काम परस्पर उरकणे, यांत बहुधा आदरच असतो. रूढीचा प्रभाव लॉटन व ब्रॉडी यांच्या मूळ गुणांकनातही दिसतो : स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे ही तीन कामे त्यांनी पुरुषांच्या बाबतीत गणनेतून वगळली होती.

हा प्रश्न केवळ गणनेचा नाही. वापर थांबला की स्नायूंचे बळ घटते, आणि वृद्धापकाळी ते पुन्हा मिळविणे कठीण होते. मार्गरेट बाल्टिस यांच्या संशोधनात असे आढळले की, वृद्धांच्या परावलंबी वर्तनाला भोवतालची माणसे तत्परतेने प्रतिसाद देतात, स्वावलंबी वर्तनाकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होते. अशा रीतीने आज 'करू दिले जात नाही' ते कालांतराने 'करता येत नाही' असे होऊन बसते.

म्हणून अभ्यासकाने प्रत्येक क्रियेविषयी तीन प्रश्न पृथक् विचारावेत : ती करता येते काय? प्रत्यक्षात केली जाते काय? आणि केली जात नसल्यास तो निर्णय कोणाचा? ज्या वृद्धेला स्नानासाठी आधार लागतो, परंतु स्नानाची वेळ जी स्वतः ठरविते, तिला सर्वस्वी परावलंबी म्हणता येणार नाही. स्वास्थ्याचा शोध घेताना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोहोंइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.