रुसलेला घट

पालघर जिल्ह्यात, बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी, तारापूरचे अणुविद्युत् केंद्र आहे. अणूच्या शक्तीपासून वीज निर्माण करणारे हे भारतातील पहिले केंद्र. ते १९६९ साली सुरू झाले. तरीही पावसाळ्यात एखाद्या रात्री वारा पिसाटतो, झाडाची फांदी तारांवर कोसळते आणि केंद्राच्या आसपासचीच गावे काळोखात बुडतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! ह्याच जिल्ह्यातील डहाणू व तलासरी ह्या भागांत २०१८ सालच्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले, तेव्हा अनेक कुटुंबांना थंडीच्या रात्री घराबाहेर काढाव्या लागल्या. अशा प्रसंगी उशाशी असलेली विजेरी मोठा आधार देते. मात्र ती पेटली पाहिजे.

मुलांनो, विजेरीत आपण जे सेल घालतो त्यांना शास्त्रात ‘घट’ असे म्हणतात. काही घट एकदा संपले की संपले. काही मात्र पुन्हापुन्हा भरता येतात. अशा घटांपैकी निकेल आणि धातु-हायड्राइड ह्यांचा घट घरोघरी वापरला जातो. त्याचा दाब सुमारे १.२ व्होल्ट असतो. तो वीज देत असताना त्याच्या आत जी रासायनिक क्रिया घडते, तीच बाहेरून वीज पुरविली असता उलट दिशेने घडते आणि घट पुन्हा ताजा होतो.

आता समजा, बरेच दिवस कपाटात पडून राहिलेले दोन घट तुम्ही जलद चार्जरमध्ये घातले. एकाचा दिवा नीट लागला. दुसऱ्याचा तांबडा दिवा मात्र लुकलुकू लागला. चार्जर जणू म्हणतो, “हा घट मला नको.” मग तो घट मेला असे समजून फेकून द्यावा काय? थांबा. आधी चार्जर घटाची परीक्षा कशी करतो ते पाहू.

घटाच्या पोटात काय चालले आहे हे चार्जरला दिसत नाही. तो घटाच्या दोन टोकांमधील दाब मोजतो, आणि कित्येक चार्जर त्याची उष्णताही पाहतात. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला किंवा फारच खाली असला, तर हा घट सदोष आहे असे मानून तो प्रवाह बंद करतो.

जुन्या घटाचा दाब इतका का चढतो? वीज आत शिरताना प्रत्येक घट तिला थोडा अडथळा करतो. त्यास अंतर्गत रोध म्हणतात. घट वारंवार तापला म्हणजे त्यातील ओलावा कमी होत जातो आणि हा रोध वाढतो. एक साधे गणित करू. घटाचा स्वतःचा दाब १.३ व्होल्ट आहे, आणि चार्जर २ अँपिअरचा प्रवाह सोडतो, असे धरा. चांगल्या घटाचा रोध ०.०३ ओहम असेल, तर त्यामुळे २ × ०.०३ म्हणजे ०.०६ व्होल्ट एवढीच भर पडेल, चार्जरला १.३६ व्होल्ट दिसतील. जुन्या घटाचा रोध ०.५ ओहम असेल, तर तब्बल १ व्होल्टाची भर पडून २.३ व्होल्ट दिसतील! चार्जर दचकून थांबतो. पण त्याच घटात ०.२ अँपिअरचा मंद प्रवाह सोडला, तर भर पडेल केवळ ०.१ व्होल्टाची, आणि घट निमूटपणे भरू लागेल.

अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल भरताना हेच घडते. भसकन ओतले तर नरसाळे भरून वाहते आणि बाटली मात्र रिकामीच राहते. बारीक धार धरली की तीच बाटली काठोकाठ भरते.

ह्याच्या उलट प्रकारही असतो. विजेरी चुकून रात्रभर चालू राहिली, तर घटाचा दाब शून्याजवळ जातो. मग जागेवर घट आहे हेच कित्येक चार्जरांना कळत नाही.

म्हणून घट रुसला तर घाईने निर्णय करू नये; क्रमाने तपास करावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम घटाची टोके व चार्जरच्या पट्ट्या पाहाव्यात. सातपाटीसारख्या किनाऱ्यावरील गावांत खाऱ्या हवेने धातूवर गंज चढतो, आणि गंज हाही अडथळाच होय. चार्जरची पिन काढून ठेवावी आणि कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने टोके व पट्ट्या पुसाव्यात. नंतर त्याच जागेत दुसरा, चांगला घट घालून पाहावा. तोही नाकारला गेला, तर दोष चार्जरचा आहे. तो स्वीकारला गेला, तर दोष पहिल्या घटात आहे. मग मोठ्या माणसांच्या देखत तो घट मंद चार्जरमध्ये ठेवावा. २००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेल्या रिकाम्या घटास २०० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने भरण्यास सुमारे १४ ते १६ तास लागतात. असे दोनतीन वेळा भरून विजेरीत वापरले की कित्येक घट पुन्हा कामास येतात.

सगळेच मात्र येत नाहीत. घट फार तापत असेल, त्यातून द्रव पाझरत असेल, किंवा पूर्ण भरूनही विजेरी थोड्याच वेळात मंदावत असेल, तर त्याचे आयुष्य संपले असे समजावे. तो केरात किंवा विस्तवात टाकू नये. जुने घट गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावा. भ्रमणध्वनीतील लिथियमच्या घटावर तर हे उपाय मुळीच करू नयेत. तो फुगून पेट घेऊ शकतो. तसेच भरता न येणारे साधे सेलही चार्जरमध्ये कधी घालू नयेत.

चार्जरचा तांबडा दिवा खोटे बोलत नाही. परंतु ‘दाब योग्य नाही’ एवढेच तो सांगतो. दाब का योग्य नाही, हे शोधणे आपले काम. पहिला पाऊस येण्यापूर्वी घरातील विजेरी उघडून तिचे घट एकदा तपासून पाहा. अंधाऱ्या रात्री तपासाला वेळ नसतो.