स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी व्यायाम आणि मनाला चालना



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, पाचट आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे, पण तो शेतकी खात्याच्या टेबलावरच माझ्यासमोर आला. मागील हंगामात आमच्या एका गट कार्यालयात एक वयस्कर सभासद एकाच प्लॉटची नोंद करायला आठवड्यात तीन वेळा आले. तिसऱ्या वेळी आमचा माणूस हसला. ते बावरले आणि खिशातल्या पावत्या चाचपू लागले. मला मात्र हसू आले नाही, कारण माझ्या घरी तोच प्रकार चालू होता.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ७८. को ७४० च्या काळात लागण कशी केली, कोणत्या वर्षी पाणी कमी पडले, हे ते आजही सांगतात. पण सकाळची न्याहारी झाली की नाही, हे नऊ वाजता आठवत नाही. "वय झालं, चालायचंच," असे म्हणत आम्ही दीड वर्ष घालविले. मग एका रात्री "पाण्याची पाळी हाय" म्हणून बॅटरी घेऊन ते निघाले, ते शेततळ्याच्या काठावर सापडले. शेततळ्याचा कागद किती निसरडा असतो हे सभासदांस सांगायला नको. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

पक्व उसाचा पाला पिवळा पडणे वेगळे आणि लाल कूज लागून पिवळा पडणे वेगळे. लांबून दोन्ही सारखेच दिसते. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे ही वयाची गोष्ट. पण चाळीस वर्षांच्या वाटेवर घर सापडेना, पैशाचा हिशेब जमेना, तोच प्रश्न पाच मिनिटांत चारदा आला, तर तो आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूतल्या रक्तवाहिन्या बिघडूनही तो होतो, आणि त्यामागे पुष्कळदा रक्तदाब व साखर असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर १०० माणसांत ७ हून थोड्या अधिक जणांना हा आजार आहे. म्हणजे प्रत्येक गावात आहे, फक्त नाव घेतले जात नाही.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी, काही औषधे, यांनीही माणूस असाच विसरभोळा होतो, आणि त्यावर उपचार आहे. म्हणून आधी तपासणी, मग बाकी सगळे. रक्त तपासायच्या आधीच आम्ही स्मरणशक्तीच्या चूर्णावर पैसे घातले, हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो.

आता मुख्य प्रश्न. व्यायामाने आजार बरा होतो का? नाही. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. एका गटाला चार महिने, आठवड्यातून दोनदा, चांगला दमदार व्यायाम दिला. त्यांच्या अंगात ताकद आली, दम वाढला. पण विसरणे काही थांबले नाही. हे वाचून मी निराश झालो होतो.

मग व्यायाम करायचा कशाला? तर पायांसाठी. फिनलंडमध्ये अल्झायमर झालेल्या आणि जोडीदारासह घरीच राहणाऱ्या २१० जणांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, तासभर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली व्यायाम केला, ते कमी वेळा पडले. त्यातही ज्यांनी तो स्वतःच्या घरी केला, त्यांची हिंडण्या-फिरण्याची, स्वतःचे स्वतः आवरण्याची शक्ती हळू ओसरली. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले म्हणजे काय होते हे प्रत्येक वाड्यावस्तीवर माहीत आहे. त्यात माणूस विसरणारा असेल तर "उठू नका" हे सांगितलेलेही त्याच्या ध्यानात राहत नाही. संडासला स्वतःच्या पायाने जाता येणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या माणसाला नाही आणि त्याची काळजी घेणाऱ्या सुनेलाही नाही.

डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब व गुडघे पाहून परवानगी दिल्यावर आमच्या घरी सुरुवात झाली. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून उठायचे, बसायचे. प्रथम पाच वेळा, आता दहा वेळा. ओट्याची कड धरून टाचा वर उचलायच्या. मग बांधापर्यंत चालणे, सोबत माणूस असल्याशिवाय नाही. सैल चपला बंद, मागे पट्टा असलेल्या घेतल्या. धोतराचा सोगा पायात येत होता, तो आता खोचून देतो. तोंडी सांगण्यापेक्षा समोर उभे राहून करून दाखविले की ते चटकन करतात. वेळ रोज तीच, सकाळच्या चहानंतरची. छातीत दुखले, चक्कर आली तर त्याच जागी थांबायचे.

मनाच्या व्यायामाबाबत माझ्याकडून मोठी चूक झाली, ती सांगतो. आठवण पक्की व्हावी म्हणून मी रोज संध्याकाळी आण्णांना पुढ्यात बसवून विचारायचो, "आज वार कोणता? ही कोण? नातवाचं नाव सांगा बघू." दोन आठवड्यांत असे झाले की माझ्या मोटारसायकलचा आवाज आला की आण्णा गोठ्यात जाऊन बसू लागले. सौ. म्हणाली, "तुम्ही आल्यावर ते भितात." मी त्यांना शिकवत नव्हतो, रोज नापास करत होतो.

या बाबतीत इंग्लंडमध्येच एक पद्धत तयार झाली. २०१ जणांवर केलेल्या तिच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. लहान गट करून आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, अशा १४ बैठका. रोज एक विषय: बालपण, खाणेपिणे, पैसा, आवाज ओळखणे, शब्दांचे खेळ, चेंडू टाकणे. आधी थोडा अंगाचा खेळ, मग गप्पा. त्यांच्या स्मरणाच्या चाचणीत थोडा फरक पडला आणि त्यांना स्वतःलाही बरे वाटू लागले. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने ही पद्धत तमिळ वडीलधाऱ्यांसाठी बदलून वापरली आहे. तिच्यातले एक सूत्र मला फार पटले: माहिती विचारू नका, मत विचारा. मत चुकत नाही.

आता मी वार विचारत नाही. "आण्णा, पूर्वीचा गूळ चांगला की आताचा?" असे विचारतो. मग अर्धा तास गुऱ्हाळ, काहिली आणि मळी. नातू मध्येच तोडतो, "हे कालच सांगितलं." त्याला मी गप्प करतो. लागणीच्या दिवसांत टिपऱ्यांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवतो. फुगलेला, निरोगी डोळा असेल ती टिपरी डावीकडे, खराब ती उजवीकडे. कोयता हाती देत नाही. काही टिपऱ्या चुकीच्या ढिगात जातात, त्या गडी नंतर गुपचूप बदलतो. पण त्या दोन तासांत आण्णांचा चेहरा मुकादमाचा असतो. भगिनींच्या बाबतीत शेंगा फोडणे, धान्य निवडणे, वाती वळणे, ओव्या म्हणणे हे सगळे चालेल. ज्याला जे पूर्वी आवडत होते तेच द्यावे. आण्णांना पत्त्यांचा कंटाळा, तर पत्ते नकोत.

मोबाईलवरचे बुद्धीचे खेळ घ्या म्हणून जाहिराती येतात. त्या खेळात सराव होतो हे खरे, पण खेळ जमला म्हणून घरची वाट सापडेल असे नाही. पैसे भरण्यापूर्वी विचार करावा. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासावा. आण्णा निम्म्या गोष्टी विसरत नव्हते, त्या त्यांना ऐकूच येत नव्हत्या.

आण्णा गेल्या वर्षापेक्षा आज जास्त विसरतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला चिटबॉय समजून तोडीची चौकशी केली. मी म्हटले, "पंधरा दिवसांत तोड येईल, साहेब." ते खूश झाले. मात्र ते वर्षभरात पडले नाहीत, आणि सौ.ला व आईला रात्रीची थोडी झोप मिळते. दर रविवारी आण्णांजवळ मी बसतो आणि या दोघींना सुटी असते. ही सुटी आधीच द्यायला हवी होती.

ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत मदतवाहिनी १४५६७ ही आहे. माहिती तेथे विचारता येते. सुरू लागणीच्या नोंदीसाठी ज्या सभासदांस विसरण्याचा त्रास आहे, त्यांना एकटे पाठवू नये. सोबत मुलगा, सून, नातू कोणीही यावे. नोंदीची पावती सोबतच्या माणसासमोर वाचून द्यावी आणि एखादे सभासद पुन्हा त्याच नोंदीसाठी आले तर त्यांना बसवून, चहा देऊन, जुनी नोंद काढून दाखवावी, असे सर्व गट कार्यालयांना कळविले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी